भट्टीला मुदत, मग चुलीला का नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मी बोरिवलीला मामाकडे गेले होते. मामा राष्ट्रीय उद्यानातल्या एका पाड्यात राहतो. मुंबईत घरोघरी गॅसच असणार, असं मला वाटायचं. पण मामीकडेही आपल्यासारखीच चूल! गॅस आहे, पण सिलिंडर लवकर संपू नये म्हणून तो फक्त चहापुरता. चुलीत जुन्या दारांच्या रंगवलेल्या फळ्या आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी. धुरात मामी दिसेना, नुसता तिचा खोकला ऐकू येई.

मामाने एक बातमी सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्देश दिले, की लाकूड-कोळशावरच्या बेकरीच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर आणाव्यात. मला ते पटलं. पण भट्टीला निदान धुराडे असते. आमच्या चुलीला तेही नाही. तिचा धूर आधी आईच्या, आजीच्या आणि रांगत्या बाळाच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. मग चुलीला मुदत कोण देणार? माझ्या मते, आपणच.

आमची आजी म्हणते, "अगं, आमचा जन्म धुरात गेला, काय झालं? भाकरी चुलीवरचीच गोड." भाकरीचं तिचं म्हणणं खरं आहे. पण रोज सकाळी तिचे डोळे चुरचुरतात आणि खोकून दम लागतो, तेही खरं आहे. गॅस महाग पडतो, हेही मला कळतं. म्हणून चूल आजच मोडा असं मी म्हणत नाही. पण धूर तर कमी करता येतो! लाकूड वाळलेलं आणि बारीक फोडलेलं घ्यावं. ओलं लाकूड फार धुमसतं. रंगवलेली फळी आणि प्लास्टिक कधीच जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावं, म्हणजे जळण कमी लागतं. चुलीवर धुराडे बसवावे, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि बाळाला दूर न्यावं.

सर्वांत मोठा धोका न दिसणारा आहे. थंडीत काही जण कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारं लावून झोपतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. न्हाणीत बंब पेटवून दार लावणेही तसेच घातक.

आमचा बंब न्हाणीतच होता. मी बाबांच्या मागे लागले आणि आम्ही तो अंगणात आणला. आता चुलीच्या धुराड्याची पाळी आहे. आजीला मी संक्रांतीची मुदत दिली आहे. ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

तुमच्या घरच्या चुलीला तुम्ही किती मुदत देणार?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी