उठाव नसलेल्या बाजारातला खेळाडू

पालघरचा गोलंदाज शार्दुल ठाकूर याचा आयपीएलमधला भाव खतावणीतल्या नोंदींसारखा एकाखाली एक मांडून पाहावा. २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याला १० कोटी ७५ लाखांना घेतले. २०२४ च्या हंगामासाठी चेन्नईने ४ कोटी मोजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे मोठा लिलाव झाला, त्यात त्याने आपली मूळ किंमत २ कोटी ठेवली होती. दहा संघांपैकी एकानेही बोली लावली नाही. चार महिन्यांनी लखनौचा मोहसीन खान जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दुल त्याच २ कोटींना संघात आला. २७ मार्च २०२५ रोजी हैदराबादेत त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. आयपीएलमधले त्याचे शंभर बळीही त्याच सामन्यात पूर्ण झाले.

वाचकहो, पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या मनात ही नोंद पाहताच पहिला प्रश्न येतो तो मालाचा. माल बिघडला होता का? तसे म्हणता येत नाही. मधल्या जानेवारीत रणजी सामन्यांत मुंबईकडून खेळताना त्याने जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक केले आणि मेघालयाविरुद्ध सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. माल जागेवर होता, उठाव नव्हता. या दोन गोष्टींतला फरक आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. पण मुलाच्या खेळाचा विचार करताना तो आपण विसरतो, म्हणून यंदाच्या सदरासाठी हा विषय घेतला. जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी घरांतून आज पहाटे एखादा मुलगा पाठीवर किट अडकवून मैदानावर जातो, आणि संध्याकाळी दूरदर्शनसमोर त्याचे वडील कोटींचे आकडे ऐकत असतात.

आधी लिलावाची रचना पाहू. जेद्दाहच्या लिलावाच्या वेळी प्रत्येक संघाचे भांडवल १२० कोटी ठरलेले होते, आणि त्यातूनच राखून ठेवलेल्या खेळाडूंचा खर्च वजा होत होता. संघात जास्तीत जास्त २५ जण. पहिल्या फेऱ्यांत मोठी नावे पुकारली जातात तेव्हा सर्वांच्या थैल्या भरलेल्या असतात. लखनौने रिषभ पंतसाठी २७ कोटी दिले, पंजाबने श्रेयस अय्यरसाठी २६ कोटी ७५ लाख. दोन दिवसांत १८२ खेळाडूंवर ६३९ कोटी १५ लाख रुपये खर्च झाले. शार्दुलचे नाव दुसऱ्या दिवशी आले. तोवर थैल्या हलक्या झालेल्या, आणि उरलेल्या रकमेत प्रत्येकाला आणखी जागा भरायच्या होत्या. मोठ्या आवकेच्या दिवशी ज्याची गाडी शेवटी लागते त्याचा कापूस चांगला असूनही खरेदीदाराचा हात आखडतो, तसेच हे झाले. मूळ किंमत कमी ठेवली असती तर सौदा झाला असता, असे कोणी म्हणेल. पण पृथ्वी शॉ आणि सर्फराज खान या मुंबईच्या दोघांनी ७५ लाखच ठेवले होते, आणि तेही त्या लिलावात पडून राहिले.

आपला लिलाव दोन दिवसांत उरकतो, त्यामुळे अशी मंदी डोळ्यांसमोर येते आणि लगेच जाते. ती महिनोन्महिने कशी पसरते, आणि विकणाऱ्याबरोबर विकत घेणाऱ्याचेही काय करते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या बेसबॉलकडे वळावे लागते. त्या खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल. तिथे लिलाव नाही. खेळाडूवर त्याच्या पहिल्या संघाचा सहा वर्षांच्या सेवेपर्यंत हक्क असतो. त्यानंतर तो मुक्त होतो आणि कोणत्याही संघाशी स्वतः, म्हणजे आपल्या दलालामार्फत, सौदा करू शकतो. हा बाजार नोव्हेंबरात उघडतो. फेब्रुवारीच्या मध्यास सरावाची शिबिरे सुरू होतात, मार्चअखेर सामने. बाजार बंद होण्याची मात्र तारीख नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

ही सहा वर्षांची अट कशी आली, त्याची कथा व्यापाऱ्याने ऐकावी अशीच आहे. १९७५ च्या अखेरीस लवादाचा निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला आणि मालकांचा जन्मभराचा हक्क मोडला. तेव्हा ओकलंड संघाचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी सुचवले की सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मुक्त करून टाकावे. इतर मालकांना ती सूचना वेडेपणाची वाटली. खेळाडू संघटनेचे नेते मार्विन मिलर हे अर्थशास्त्र जाणणारे, आधी पोलाद कामगारांच्या संघटनेत काम केलेले. त्यांना मात्र याच सूचनेची धास्ती होती. शेकडो खेळाडू एकाच महिन्यात बाजारात आले तर भाव कोसळेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून थोड्याच खेळाडूंना दरवर्षी मुक्त करणारी अट त्यांनी आनंदाने मान्य केली. आवक मर्यादित राहिली आणि भाव पुढे अनेक वर्षे चढत गेले. कामगारांच्या पुढाऱ्याला आवकेचे गणित मालकांहून चांगले समजत होते, याची मला गंमत वाटते.

पुढे तोच बाजार थंडावला. २०१७-१८ च्या हिवाळ्यात फेब्रुवारी उजाडला तरी शंभराहून अधिक मुक्त खेळाडू करारावाचून होते. संघटनेने फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथे त्यांच्यासाठी वेगळे सराव शिबिर भरवले. ज्यांना संघ नाही त्यांनी सराव तरी कुठे करावा? संघांनी हात आखडण्याची कारणे साधी होती. संगणकावर हिशेब मांडणाऱ्यांनी दाखवून दिले की तिशी ओलांडलेल्या खेळाडूला दिलेला मोठा करार पुष्कळदा त्याच्या मागच्या कामगिरीची किंमत असतो, पुढच्या नव्हे. सहा वर्षांच्या हक्कातले तरुण खेळाडू त्याच कामाला कितीतरी स्वस्तात मिळत होते. शिवाय एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला कर भरावा लागतो, आणि त्या मर्यादेलाच बहुतेक संघ छप्पर मानू लागले. काही संघांना तर त्या वर्षी जिंकण्याची घाईच नव्हती. खरेदीदाराला घाई नाही आणि बाजाराला शेवटची तारीख नाही, अशी गाठ पडली की विकणारा हिवाळाभर दाराकडे पाहत बसतो.

या थांबण्याची किंमत दोन्ही बाजूंना कशी पडते, याची तीन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. पहिले डॅलस कायकेल या गोलंदाजाचे. २०१८ च्या अखेरीस त्याच्या जुन्या संघाने एका वर्षासाठी १ कोटी ७९ लाख डॉलर देऊ केले होते, त्याने नाकारले. नाकारताच त्याच्यावर एक बोजा चढला. नियमाप्रमाणे जो नवा संघ त्याला घेईल त्याला होतकरू खेळाडूंच्या निवडीतली एक संधी गमवावी लागणार होती. बोजा असलेली मालमत्ता कोण घेतो? हंगाम सुरू झाला, कायकेल घरीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती निवड पार पडली, बोजा उतरला, आणि दोन-तीन दिवसांतच अटलांटाने उरलेल्या हंगामासाठी १ कोटी ३० लाख डॉलर देऊन त्याला घेतले. महिन्याच्या दराने हिशेब केला तर भाव पडला नव्हता. गेलेल्या महिन्यांचे पैसे मात्र गेले.

दुसरे उदाहरण संघाच्या फायद्याचे. बोस्टनने त्याच थंड हिवाळ्यात जे. डी. मार्टिनेझसाठी घाई केली नाही. फेब्रुवारीत पाच वर्षांसाठी ११ कोटी डॉलरवर सौदा केला, आणि २०१८ चे विजेतेपद बोस्टननेच जिंकले. थांबून घेतलेला माल असा सोन्यासारखा निघू शकतो.

तिसरे उदाहरण २०२४ च्या मार्चचे. ब्लेक स्नेल आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी हे दोन नामांकित गोलंदाज, दोघांचा दलाल एकच, स्कॉट बोरास. मोठ्या करारासाठी ताणून धरण्याबद्दल प्रसिद्ध. हंगाम तोंडावर आला तेव्हा दोघांनाही आखूड करार घ्यावे लागले. स्नेलला सॅन फ्रान्सिस्कोने दोन वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर दिले, मॉन्टगोमेरीला अ‍ॅरिझोनाने एका वर्षासाठी अडीच कोटी. संघांना वाटले, पडत्या भावात उत्तम माल हाती लागला. पण गोलंदाजाचा खांदा शिबिरात आठवड्या-आठवड्याने तयार होतो, आणि या दोघांनी शिबिर पाहिलेच नव्हते. स्नेल सुरुवातीला सपाटून मार खात राहिला, मध्ये दुखावलाही. ऑगस्टमध्ये मात्र त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका यशस्वी होऊ न देता पूर्ण सामना टाकला. मॉन्टगोमेरी वर्षभर सावरलाच नाही. अ‍ॅरिझोनाच्या मालकांनी हंगाम संपल्यावर तो करार चुकल्याचे आणि तो आपल्याच आग्रहाने झाल्याचे जाहीरपणे सांगितले. स्नेलने पुढच्या हिवाळ्यात ताणले नाही. नोव्हेंबर संपण्याआधीच लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी पाच वर्षांचा, १८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. २०२२-२३ चा कापूस कोणाच्या स्मरणात नाही? आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेलेला. तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवून शेतकऱ्यांनी कापूस घरात रचला. हंगामाच्या सुरुवातीचा नऊ हजारांच्या आसपासचा भाव त्यांना कमी वाटला. जिनिंगवाल्यांना पुरेशी आवक मिळेना, कारखाने अर्ध्या क्षमतेनेही चालेनात. गाठी बांधणारे, सरकी घेणारे, सगळेच खोळंबले. ओसरीत, खोल्यांत, छतापर्यंत कापूस. त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज. अखेर सात-साडेसात हजारांवर माल निघाला. धुळ्याचे एक आडते मित्र त्या वर्षी म्हणाले होते, “भाऊ, शेतकरी यंदाच्या बाजारात मागच्या वर्षीचा भाव शोधतोय.” शार्दुलच्या २ कोटींविषयी असे म्हणणे अन्यायाचे होईल, कायकेलच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे.

तरीही कापूस निदान टिकतो. रावेर-यावलच्या केळीला तीही सोय नाही. घड भरला की तो कापावाच लागतो. बऱ्हाणपूरचा भाव त्या दिवशी काय फुटला यावर वर्षाचे नशीब. केळीचा बागाईतदार थांबण्याची भाषा बोलतच नाही. माझे मत असे की खेळाडू आणि त्याचे पालक स्वतःला कापूस समजून सौद्याला बसतात, आणि खेळाडूचे वय केळीसारखे असते. बत्तिशीच्या गोलंदाजाचा एक रिकामा हंगाम म्हणजे कापलेल्या घडाचे दोन दिवस.

यालाही अपवाद आहे, तो वयाचाच. विरारचा आयुष म्हात्रे जेद्दाहच्या लिलावाच्या वेळी सतरा वर्षांचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात त्याने १७६ धावा केल्या होत्या, तरी ३० लाखांच्या मूळ किमतीला त्यालाही कोणी घेतले नाही. त्याचे बिघडले काय? तो मुंबईकडून खेळत राहिला. एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडच्या कोपराला दुखापत झाली आणि चेन्नईने आयुषला ३० लाखांना बोलावले. २० एप्रिलला वानखेडेवर पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२, आणि ३ मे रोजी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. सतरा वर्षांच्या मुलाला पाच महिने थांबणे परवडते. घर पाठीशी असले तर अधिकच परवडते.

पाठीशी काय आहे, हा प्रश्न जुन्या काळी नोकरीने सोडवला होता. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. पगार महिन्याच्या महिन्याला येई, धावा होवोत वा न होवोत. त्या व्यवस्थेत कोणी कोट्यधीश झाला नाही आणि कोणाचे नाव रिकाम्या सभागृहात पुकारलेही गेले नाही. आपल्या जळगावची जैन इरिगेशन आजही खेळाडूंना नोकरी देऊन संघ बांधते आणि मुंबईच्या कंपन्यांच्या स्पर्धांत उतरवते. लिलावाच्या झगमगाटात अशा नोकरीला आपण दुय्यम मानतो. उठाव नसलेल्या वर्षी विकणाऱ्याला थांबण्याचे बळ देणारी दुसरी गोष्ट मला तरी दिसत नाही. स्वस्तात विकून मोकळे होणे आणि ताणत बसणे यांच्या मधली ती जागा आहे. शार्दुलनेही २०२५ च्या सुरुवातीस इंग्लंडमधल्या एसेक्स काउंटीशी करार करून ठेवला होता, तो याच विचाराने असावा.

पृथ्वी शॉची नोंद तेवढी राहिली. २०२२ च्या हंगामाआधी दिल्लीने त्याला साडेसात कोटींना राखून ठेवले होते. जेद्दाहला तो पडून राहिला, २०२५ चा हंगाम त्याने बाहेरून पाहिला. मग मुंबई सोडून तो महाराष्ट्राच्या संघात आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध २२२ धावा केल्या. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबू धाबीच्या लिलावात त्याचे नाव आधी रिकामे गेले. दिवसाच्या अखेरीस, उरलेल्यांची यादी पुन्हा वाचली जात असताना, दिल्लीनेच त्याला ७५ लाखांना घेतले.