प्रामाणिक चूक आणि दोन हजारांचे चलन

समृद्धी महामार्गाचा सुमारे ९७ किलोमीटरचा पट्टा वाशिम जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव या ठिकाणी त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या, देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्याच्या दाराशी ताशी १२० किलोमीटरचा वेग येऊन उभा राहिला. त्या वेगामागोमाग ई-चलनही आले. एमएच-३७ क्रमांकाच्या मोटारीच्या मालकाला मोबाइलवर संदेश येतो, त्यात दिनांक, वेळ, ठिकाण आणि दोन हजार रुपयांचा आकडा असतो. मर्यादा मुद्दाम मोडलेली नसते. फलक नजरेतून सुटलेला असतो, किंवा वेग कधी वाढला हेच कळलेले नसते. अशा वेळी दंड निमूटपणे भरावा की त्याविरुद्ध दाद मागावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी कायदा, यंत्रणा आणि सामान्य नागरिक यांच्यातील नात्याची परीक्षा पाहणारा आहे.

चूक प्रामाणिक असते म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे. सलग तासभर १२० च्या वेगाने गाडी हाकल्यावर माणसाच्या डोळ्यांना आणि कानांना त्या वेगाची सवय होते. त्यानंतर महामार्गावरून उतरून अकोला-हिंगोली राष्ट्रीय महामार्गावर किंवा एखाद्या गावाजवळच्या रस्त्यावर आल्यावर ८० चा वेगही त्याला संथ भासतो. वाहतूकशास्त्राला हा परिणाम चांगला ठाऊक आहे. दुसरी चूक वाहनप्रकाराची. समृद्धीवर सपाट भागात मोटारीला १२० ची मुभा आहे, मालवाहू वाहनाला मात्र ८० चीच. शेजारून सुसाट जाणाऱ्या मोटारी पाहून ९५ वर चालणाऱ्या पिकअपच्या चालकाला आपण कायदा मोडतो आहोत, असे मनातही येत नाही.

परंतु कायद्याच्या भाषेत प्रामाणिकपणाचा अर्थ निराळा आहे. व्यवहारात ‘मनात वाईट हेतू नव्हता’ एवढे पुरते. भारतीय न्याय संहितेने, आणि तिच्या आधीच्या दंड संहितेनेही, सद्भावाची व्याख्या योग्य दक्षतेशी आणि अवधानाशी जोडली आहे. दक्षता न घेता केलेली गोष्ट कायद्याच्या लेखी सद्भावाने केलेली ठरत नाही. फलक होता आणि तो पाहिला नाही, हे सांगणारा चालक म्हणजे आपली बेदरकारीच कबूल करीत असतो. शिवाय वेगमर्यादा ओलांडण्याच्या गुन्ह्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. वेग सिद्ध झाला की पुरे. कायदा ठाऊक नव्हता, हा तर बचाव होतच नाही. त्यामुळे ‘चूक झाली, पण नकळत झाली’ एवढ्याच आधारावर चलन लढवणे म्हणजे हरण्यासाठीच मैदानात उतरणे होय. असे चलन भरून मोकळे व्हावे, हेच शहाणपणाचे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ झालेल्या ज्या बस अपघातात २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले, ती बस नागपूरहून पुण्याकडे जाताना वाशिम जिल्हा ओलांडूनच पुढे गेली होती. त्या अपघाताची कारणे स्वतंत्रपणे चर्चिली गेली. मात्र या रस्त्यावर शिस्त नको, असे त्यानंतर कोणी म्हणू शकत नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. चूक झाली हे मान्य. पण ती कोणाची? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार एखाद्या रस्त्यावर नेहमीपेक्षा कमी मर्यादा ठरवायची असेल, तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि योग्य ठिकाणी फलकही उभारावे लागतात. म्हणजे फलक हा केवळ शोभेचा पत्रा नाही, तो त्या मर्यादेचा कायदेशीर पाया आहे. फलक वादळात पडला असेल, झुडपाआड गेला असेल किंवा काम संपल्यावरही कंत्राटदाराचा तात्पुरता ‘३०’ तसाच उभा राहिला असेल, तर चालकाची चूक ही वस्तुतः रस्ता राखणाऱ्याची चूक ठरते. कलम १८३ असेही सांगते की, केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर कोणालाही अतिवेगाबद्दल दोषी ठरवता येणार नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने काढलेला असला पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमाने तर कॅमेऱ्यांना आणखी अटी घातल्या: उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे, देखरेख होणाऱ्या पट्ट्याआधी सूचनाफलक असावा, उल्लंघन आणि नंबरप्लेट दाखवणारे स्पष्ट छायाचित्र असावे आणि नोटीस १५ दिवसांच्या आत निघावी.

या अटी कागदावर चांगल्या आहेत. पण किती चालकांना त्या ठाऊक असतात? आणि ठाऊक असल्या तरी त्या पाळल्या गेल्या की नाहीत, हे तपासण्याचा मार्ग किती जवळ असतो? राज्यात वाहतूक पोलीस स्वतःच्या खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून नंतर सवडीने चलने टाकत, अशी तक्रार दीर्घकाळ होती. अखेर जुलै २०२५ मध्ये वाहतूक विभागाच्या वरिष्ठ कार्यालयाला हे थांबवण्याचे परिपत्रक काढावे लागले. त्याच सुमारास ई-चलनांच्या जाचाविरुद्ध राज्यातील मालवाहतूकदारांनी बंद पुकारला होता. परिपत्रक तेव्हा आले, पण त्याआधी हजार-हजार रुपये भरून मोकळे झालेल्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. भरणाऱ्याने स्वतःच गुन्हा मान्य केलेला असतो ना!

इथेच या व्यवस्थेतील तिढा आहे. तडजोड शुल्क भरणे दोन मिनिटांचे काम झाले आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूरला वाहतूक चलनांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. अशा न्यायालयात गुन्हा मान्य करणाऱ्याला घरबसल्या दंड भरता येतो. जो अमान्य करतो, त्याचे प्रकरण मात्र नियमित न्यायालयाकडे जाते. कबुलीसाठी संगणक आणि नकारासाठी पायपीट, असा हा न्याय आहे. फौजदारी प्रकरण सर्वसाधारणपणे जिथे गुन्हा घडला तिथल्या न्यायालयात चालते. वाशिमच्या माणसाला मालेगाव किंवा मंगरुळपीरच्या हद्दीतील चलन एक वेळ लढवता येईल. पुण्यात किंवा नवी मुंबईत झालेल्या चलनासाठी रात्रभराचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि वकिलाचे शुल्क यांची बेरीज केली, तर दोन हजारांचा दंड स्वस्त वाटू लागतो. केंद्राच्या नियमांचा रोखही आता ‘मुदतीत भरा अथवा हरकत घ्या, गप्प राहिलात तर मान्य’ असाच आहे. जो तो हिशेब करतो आणि भरून टाकतो. परिणामी चुकीचा फलक, चुकीचा कॅमेरा, एका अक्षराने चुकलेला नंबर यांपैकी कशाचीही चूक न्यायालयासमोर उघड होत नाही आणि म्हणून ती दुरुस्तही होत नाही.

मग लोकअदालत आहे ना, असे सांगितले जाते. सप्टेंबर २०२१ पासून थकीत ई-चलने राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणे म्हणून घेतली जाऊ लागली आणि काही सवलत मिळेल या आशेने तिथे रांगा लागतात. लोकअदालतीचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिथे तडजोड होते, निवाडा होत नाही. लोकअदालतीला न्यायनिर्णयाचे अधिकार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तिथे रक्कम कमी होऊ शकते. ‘फलक नव्हता’ हे म्हणणे खरे की खोटे, हे कोणी ठरवीत नाही. उलट वेळेवर भरणाऱ्यापेक्षा वर्षानुवर्षे थकवणारा फायद्यात राहतो, ही प्रामाणिकाची दुहेरी थट्टा.

रक्कम लहान आहे म्हणून भरून टाकावी, या सल्ल्यात आणखी एक धोका दडलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, जिचे वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले, पुनरावृत्तीला वेगळी शिक्षा ठेवली. सर्वसाधारण उल्लंघनाला पहिल्यांदा ५०० रुपये, त्यानंतर १५००. अतिवेगाच्या दुसऱ्या गुन्ह्यात वाहन चालवण्याचा परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. म्हणजे आज निमूटपणे भरलेले चलन उद्याच्या चलनाचे वजन वाढवते. नोकरदार मोटारमालकाला याचे फारसे सोयरसुतक नसेल. कारंजा किंवा वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन पोचवून भाड्यावर घर चालवणाऱ्या पिकअप चालकाला मात्र परवाना हीच शेती असते. त्यातही चलन येते वाहनाच्या नावावर. मालक ते भरतो आणि चालकाच्या पगारातून कापतो. ज्याच्याकडे हरकत घेण्याचे कारण आहे, त्याच्या हातात संदेशच पोचत नाही.

ब्रिटनमध्ये अतिवेगाची नोटीस १४ दिवसांत न पोचल्यास सर्वसाधारणपणे खटलाच उभा राहत नाही. मुदत चुकली तर किंमत यंत्रणेने मोजायची. आपल्याकडे १५ दिवसांची मुदत आहे, पण ती चुकवल्याचा धाक कोणाला जाणवत नाही. मर्यादा थोडीशी ओलांडणाऱ्याला दंडाऐवजी काही तासांच्या वर्गाला बसण्याचा पर्यायही तिकडे दिला जातो. त्याच्या जवळ जाणारा प्रयोग समृद्धीवर झाला होता. परिवहन विभागाने २०२३ मध्ये अतिवेगाने आलेल्या चालकांना महामार्गावरून उतरण्याच्या ठिकाणी थांबवून त्यांचे समुपदेशन केले, झिजलेले टायर तपासले. तिथे समोर माणूस होता. मर्यादा ८० ची का आणि फलक कुठे लावला आहे, हे त्याला विचारता येत होते. फलक दिसला नाही, हे सांगताही येत होते. मोबाइलवरचा संदेश काहीच ऐकून घेत नाही. जिल्ह्यातील चालकाने आज करण्यासारखी गोष्ट एवढीच, की चलन येताच छायाचित्र उघडून नंबर, ठिकाण आणि वेळ ताडून पाहावी, आणि शंका असेल तर त्याच आठवड्यात त्या जागी जाऊन फलक आहे की नाही याचे दिनांकासह छायाचित्र घ्यावे. महिन्याभराने तिथे नवा फलक उभा राहिला, तर जुने काही सिद्ध करता येणार नाही.