कंट्रोलर खेळण्यांच्या दुकानातच का राहावा?

आमच्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात खिडकीजवळ एक जुना संगणक आहे. तो मुळात केसपेपर काढायच्या खिडकीवर होता. तिथे नवा आला तेव्हा हा इकडे सरकवला गेला. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी विभागात डोकावलो, तर पन्नाशीचे एक गृहस्थ त्या संगणकासमोर बसून पडद्यावर मोटार चालवत होते. हातात काळा, बिनतारी गेम कंट्रोलर. पेशाने ट्रकचालक. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांचा डावा हात लुळा पडला होता. मला पाहताच ते ओशाळले. म्हणाले, "पुतण्यानं आणून दिलंय, डॉक्टरसाहेब. पोरासोरांचं खेळणं आहे. ठेवतो बाजूला."

मी म्हटले, "राहू द्या, चालू द्या." माझे लक्ष त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे होते. रबरी चेंडू दाबायला सांगितला की दहा-बारा वेळांतच "बास झालं" म्हणणारा तो अंगठा वीस मिनिटे न थांबता कंट्रोलरची छोटी दांडी डावी-उजवीकडे ढकलत होता. मोटारीच्या बहुतेक खेळांत वळवण्याचे काम डाव्या दांडीकडे असते आणि वेग उजव्या बोटाखालच्या घोड्याकडे. म्हणजे दुबळ्या हाताला आपोआपच जबाबदारीचे काम मिळाले होते.

पक्षाघातानंतर हात कसा सुधारतो, हे थोडे सांगायला हवे. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शेजारचे आणि दुसरे भाग त्याचे काम शिकून घेतात. हे शिकणे पुनरावृत्तीवर चालते, तबला किंवा सायकल शिकण्यासारखेच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एकेका दिवशी शेकडो वेळा हालचाल करून घेतली जाते. माणसांच्या उपचारात प्रत्यक्षात किती होते? अमेरिका व कॅनडातल्या केंद्रांमध्ये बसून कोणी तरी हे मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी एका सत्राला ३२ भरली. ही तिकडची गत. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात एका फिजिओथेरपिस्टसमोर बाकावर किती जण बसलेले असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला इथला आकडा मी सांगायची गरज नाही.

म्हणून कंट्रोलर म्हणजे जादूची कांडी, असे मला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. याची नीट परीक्षा झालेली आहे आणि निकाल उत्साहावर पाणी टाकणारा आहे. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतल्या १४१ पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. नेहमीच्या उपचारांशिवाय अर्ध्यांना दोन आठवडे निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्रावर खेळवले आणि अर्ध्यांना पत्ते, चेंडू असले साधे करमणुकीचे खेळ दिले. दोन्ही गट सुधारले आणि दोन्ही सारखेच सुधारले. यंत्र पत्त्यांपेक्षा सरस ठरले नाही.

हा निकाल वाचून अनेकांनी विषय मिटवला. मला मात्र त्यातून उलटे सुचते. पत्ते खेळायला माणसे लागतात. आमचे ट्रकचालक घरी गेल्यावर दिवसभर कोणाबरोबर रमी खेळणार? बायको दुसऱ्याच्या शेतावर, मुलगी शाळेत, मित्र गाडीवर. सकाळी अकरा ते पाच या वेळात घरात ते आणि छताचा पंखा. त्या वेळेत दुबळा हात मांडीवर पडून राहतो आणि आठवड्यागणिक आखडत जातो. पत्त्यांइतकेच उपयोगी, पण जोडीदार न मागणारे काही असेल, तर मी ते आनंदाने लिहून देईन.

मात्र 'वी' आणि आपला साधा कंट्रोलर यात एक फरक आहे आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. 'वी'त हात हवेत फिरवावा लागतो; खांदा आणि कोपर काम करतात. साध्या कंट्रोलरने फक्त अंगठा आणि बोटे हलतात. खांदा धरला असेल, हात वर जात नसेल, तर तासन् तास गाड्या पळवून त्याला काही होणार नाही. त्याला भिंतीवर बोटे चढवायचीच आहेत, दोरी-कप्पी ओढायचीच आहे.

आता थोडे तंत्राचे, कारण आम्ही ते ठेचा खाऊन शिकलो. एके दिवशी खेळता खेळता पडद्यावरची मोटार एकाएकी थांबली. आमचे गृहस्थ पांढरेफटक पडले. "हात गेला परत," एवढेच म्हणाले. धावपळ झाली, रक्तदाब मोजला, हात दाबून पाहिला. हात ठणठणीत होता. गेला होता तो ब्लूटूथचा संपर्क. खेळणाऱ्या पोराच्या दृष्टीने ही चीड आणणारी गोष्ट. एकदा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाचा मात्र जीव त्यात टांगणीला लागतो.

दोष सापडला तो गमतीचा होता. संगणकात ब्लूटूथ नसल्याने मागच्या बाजूला त्याचा छोटा डोंगल खोचला होता आणि त्याला खेटूनच व्यायामाच्या व्हिडिओंची हार्ड डिस्क. यूएसबी ३ वर चालणारी उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि ब्लूटूथ बोलते त्याच पट्ट्यात. एक हातभर जोडवायर आणून डोंगल टेबलावर पुढे आणला आणि संपर्क तुटणे थांबले. आणखी एक त्रास जुन्या कंट्रोलरचा: दांडी झिजली की हात न लावताही पडद्यावरची वस्तू एका बाजूला सरकत राहते. कंपवाताच्या एका आजींना वाटले, आपलाच हात थरथरतो आहे. म्हणून रुग्णाच्या हातात देण्याआधी कंट्रोलर टेबलावर ठेवून मिनिटभर पडदा पाहावा. तसेच, जोडायला बहुधा एक-दोन बटणे काही सेकंद दाबून धरावी लागतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन बटणे एकदम. एका हाताच्या माणसाला ते जमत नाही. घरच्यांनी एकदा करून द्यावे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत आले. त्याआधीचा स्वस्तात मिळाला, तर त्याला वेगळा रिसीव्हर लागतो. आणि फारच जुना 'एक्सबॉक्स ३६०'चा बिनतारी कंट्रोलर वायरने जोडला तरी फक्त चार्ज होतो, चालत नाही. जुन्या बाजारातून स्वस्त म्हणून घेणारे इथेच फसतात.

मग वायरचाच का घेऊ नये? घ्यावा, शक्य असेल तिथे वायरच बरी. पण व्हीलचेअरच्या चाकात वायर अडकते, मांडीवरून कंट्रोलर घसरला की संगणकालाही हिसका बसतो आणि ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला ती बारीक पिन खोचता येत नाही.

हे सारे मला खरे पटले ते दुसऱ्या एका रुग्णामुळे. कोकणातला मुलगा, एकोणीस वर्षांचा, आंबे काढताना झाडावरून पडला आणि मानेच्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. आमच्याकडे दर हंगामात असे एक-दोन येतातच. खांदा हलतो, कोपर वाकते, मनगट वर उचलता येते. बोटे मात्र निर्जीव. माउस धरता येत नाही, कळफलकावर एकेक अक्षर काठीने टोचावे लागते. ट्रकचालकांचे पाहून फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कंट्रोलर त्याच्या मांडीवरच्या फळीवर पट्ट्याने बांधला. तळव्याच्या कडेने त्याला दांडी ढकलता आली. गेमची दुकाने म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'स्टीम' या प्रणालीत अशी सोय आहे, की दांडी म्हणजे माउस आणि बटण म्हणजे क्लिक असे ठरवून देता येते. पडद्यावरचा कळफलक उघडला आणि त्याने आपले नाव लिहिले. मग आडनाव. मग आईकडे वळून म्हणाला, "आये, बारावीचा फॉर्म आता मीच भरतंय."

त्याने एकही खेळ खेळला नाही. त्याला खेळायचे नव्हतेच.

इथून माझ्या तक्रारीला सुरुवात होते. आम्ही दोन कंट्रोलरची मागणी वर पाठवली. किंमत काही हजार रुपये. मागणी परत आली. शेरा असा, की खेळाच्या साहित्यासाठी या शीर्षाखाली तरतूद नाही. शेरा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. यादीत जे नाव नाही ते तो कसे घेणार? पण यादी कोणी तरी कधी तरी केलेली असते आणि ती बदलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ५० अत्यावश्यक साहाय्यक साधनांची यादी काढली. व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कळफलकाचे आणि माउसचे काम दुसऱ्या वाटेने करवून घेणारी सॉफ्टवेअरही तिच्यात आहेत. आपल्याकडे दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची योजना १९८१ पासून आहे आणि २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. प्रकार वाढवले, साधनाची आपली कल्पना मात्र अजून कुबडी आणि कॅलिपरपाशी घोटाळते.

'खेळणे' या शब्दाचीच ही सगळी अडचण. अमेरिकी नौदलाने २०१८ साली सेवेत आणलेल्या 'कोलोराडो' पाणबुडीवर पेरिस्कोपच्या जागी बसवलेला कॅमेरा फिरवायला एक्सबॉक्सचा कंट्रोलर वापरतात. कारण नव्या खलाशांच्या बोटांना तो आधीच ठाऊक असतो. २०२३ मध्ये टायटॅनिक पाहायला गेलेली 'टायटन' पाणबुडी बुडाली, तेव्हा ती गेमच्या बिनतारी कंट्रोलरने चालत होती म्हणून जगभर हसे झाले. पण फुटले होते ते तिचे कवच, कंट्रोलर नव्हे. खेळण्यावर ठपका ठेवणे सोपे असते.

ज्यांना मुद्दाम बनवलेले हवे त्यांच्यासाठी तेही आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली दिव्यांगांसाठी खास कंट्रोलर काढला: दोन मोठ्या थाळीएवढ्या कळा आणि मागे १९ छोटी भोके. त्यांत पायाने, हनुवटीने, कोपराने दाबायची हवी ती बटणे जोडता येतात. संगणकावरही तो चालतो. सोनीने २०२३च्या अखेरीस आपला आणला. दोन्ही शंभर डॉलरच्या आसपास, बाकीची बटणे वेगळी घ्यायची. आमच्या रुग्णांच्या आवाक्यात ते नाहीत. रुग्णालयाच्या असू शकतात.

आता नातेवाईक बाहेर गाठून विचारतात त्या शंका. "बिनतारी आहे, किरणांनी मेंदूला काही होईल का?" कंट्रोलरचे ब्लूटूथ साधारणपणे काही मिलिवॅटवर चालते, तुमच्या कानाला लावलेला मोबाइल त्याच्या कित्येक पट शक्तीने बोलू शकतो. कंट्रोलर तर हातात असतो, डोक्यापासून लांब. पेसमेकर असेल तर तो छातीवर ठेवून झोपू नका, वीतभर अंतर राखा. फिट येत असतील तर झगमगत्या खेळांपासून दूर राहा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

खरे नुकसान किरणांनी नाही, अंगठ्याने होते. १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एका डॉक्टरने पस्तिशीच्या बाईची हकिगत लिहिली. पाच तास सलग खेळून त्यांच्या अंगठ्याची शीर सुजली होती. त्याने दुखण्याचे नाव ठेवले 'निन्टेन्डिनायटिस'. २००७ साली त्याच नियतकालिकात 'वी' खेळून खांदा धरलेल्या डॉक्टरची गोष्ट आली. चांगला हात अति वापरून दुखावला, तर रुग्णाला जेवायला कोणता हात उरला? म्हणून वीस मिनिटे खेळ, मग दहा मिनिटे विश्रांती, असे आम्ही सांगतो. अभ्यासातून आलेला हा आकडा नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले की त्याहून आधीच थांबायचे. बधिर हाताला दुखणे कळत नाही, तिथे घरच्यांनी घड्याळ पाहायचे.

आणि व्यसन? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार रोगांच्या यादीत घातला आहे आणि २०२२ पासून ती यादी लागू आहे. मी तो विकार बाह्यरुग्ण विभागात पाहतो. रात्रभर जागणारी, परीक्षा बुडवलेली मुले आईबाप घेऊन येतात. त्या आईबापांना या लेखाचा राग येईल, याची मला कल्पना आहे. पण मॉर्फीनचेही व्यसन लागते म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला आपण ते नाकारत नाही. (पूर्वी नाकारायचो, आणि ती आमची चूक होती.)

ट्रकचालक आता डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलतात. गेल्या खेपेला त्यांनी मला विचारले, "पडद्यावर एकदाही ठोकली नाही, डॉक्टरसाहेब. आता खरी चालवू का?" त्यांच्या डाव्या बाजूची नजर अजून अर्धवट आहे. पडदा समोर, हातभर रुंदीचा. रस्त्यावर सायकलवाला डावीकडूनच येतो. मी नाही म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कंट्रोलर पिशवीत घातला आणि पुढची तारीख विचारली.

मॅडमनी मागणी पुन्हा पाठवली आहे, 'हाताच्या व्यायामाचे बिनतारी उपकरण, दोन नग' अशा नावाने. तिचे उत्तर यायचे आहे. तोवर विभागात कोणी तरी देऊन गेलेला एक जुना कंट्रोलर आहे. त्याची डावी दांडी आपोआप सरकते, म्हणून मॅडमनी त्यावर चिकटपट्टी लावून लिहिले आहे: 'फक्त उजव्या हातासाठी'.