गोडी जाते तेव्हा

बँकेतला माझा एक सहकारी नाट्यसंगीताचा वेडा. निवृत्तीनंतर वर्षभराने त्याच्या घरी गेलो, तर पेटीवर धूळ. ‘कशातच गोडी वाटत नाही रे,’ म्हणाला. ‘वा, विरक्ती आली म्हणायची!’ मी हसलो. म्हणवतो कादंबरीकार, आणि एवढं कळलं नाही! तो रडत नव्हता, कुरकुरत नव्हता. तेव्हा ठीकच असणार, हा माझा हिशेब. पुढे मुलीने त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं, नैराश्य.

सुख अनुभवण्याची शक्तीच आटण्याला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८९६ साली नाव दिलं, ‘अ‍ॅनहेडोनिया’. नैराश्याच्या निदानात या लक्षणाला उदासीइतकंच वजन आहे. अमेरिकेतल्या पॉल मील यांनी १९६२ मध्ये स्किझोफ्रेनियाकडे असलेल्या मूळच्या कलाची ही एक खूण मानली.

आपल्याकडे मात्र उतारवयात ‘मला काही नको’ म्हणणाऱ्याचं कौतुक होतं. विरक्त माणसाच्या चेहऱ्यावर समाधान तरी असतं. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. असे दोन आठवडे गेले, तरी घरच्यांनी डॉक्टर गाठावा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

परवा त्याचा फोन आला. पेटीचे सूर उतरलेत, दुरुस्त करणारा कुणी माहीत आहे का, विचारत होता.