करभार, कायदा आणि कर्तव्य

मार्चअखेर जवळ आली की परभणीच्या मोंढ्यापासून कृषी विद्यापीठाच्या वसाहतीपर्यंत आणि सेलू-मानवतच्या आडत दुकानांपासून जिंतूरच्या शिक्षक कॉलनीपर्यंत एकच विषय चर्चेत असतो. पगारातून किती कर कापला गेला, विवरणपत्रात काय दाखवायचे आणि काय नाही, याचे हिशेब घरोघरी सुरू होतात. या हिशेबांना अलीकडे एका निराळ्याच युक्तिवादाची फोडणी मिळू लागली आहे. प्राप्तिकर हा मुळात कायदेशीरच नाही, तो इंग्रजांनी लादलेला जिझिया आहे, स्वतंत्र देशाच्या नागरिकाला तो नाकारण्याचा अधिकार आहे, असे हा युक्तिवाद सांगतो. मराठवाड्यात त्याला आणखी एक शेपूट जोडले जाते. हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात कधी नव्हताच, मग इंग्रजांचा कायदा येथे लागू झालाच कसा, असा सवाल मोठ्या आवेशाने विचारला जातो. नोकरदाराला हा विचार क्षणभर सुखावतो, व्यापाऱ्याला धीर देतो. परंतु सुखावणारी प्रत्येक गोष्ट सत्य नसते. या युक्तिवादाची छाननी भावनेच्या नव्हे, तर इतिहासाच्या आणि राज्यघटनेच्या आधारे होणे आवश्यक आहे.

या म्हणण्यात सत्याचा अंश मुळीच नाही, असे नव्हे. हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला तो १८६० साली जेम्स विल्सन या इंग्रज अर्थमंत्र्याने. १८५७च्या स्वातंत्र्यसमरात कंपनी सरकारचे कंबरडे मोडले होते आणि ते समर चिरडण्यासाठी झालेला खर्च भरून काढायचा होता. ज्यांच्या बांधवांना फासावर लटकावले गेले, त्यांच्याच खिशातून फाशीचा खर्च वसूल करण्याचा तो प्रकार होता. पुढे १८८६च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न या करातून वगळले गेले आणि १९२२च्या कायद्याने या कराची चौकट पक्की केली. या सर्व कायद्यांना हिंदी जनतेची संमती नव्हती. तेव्हा या कराचा जन्म परक्यांच्या सत्तेत झाला हे ऐतिहासिक सत्य कोणी नाकारण्याचे कारण नाही. मात्र जन्म कोठे झाला यावरून आजची वैधता ठरत नाही. रेल्वे, टपाल, भारतीय दंडविधान यांचाही जन्म त्याच काळातला आहे. यांपैकी काय ठेवावे, काय बदलावे आणि काय टाकून द्यावे, याचा निर्णय स्वतंत्र राष्ट्र आपल्या विवेकाने करते. दंडविधान टाकून त्या जागी भारतीय न्याय संहिता आणण्याचा निर्णय संसदेने २०२३ साली घेतला, तो याच अधिकाराने.

आता मराठवाड्याच्या प्रश्नाकडे वळू. परभणी जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे नाणे वेगळे, म्हणजे हाली सिक्का. जकात वेगळी, म्हणजे करोडगिरी. वर्षगणनाही फसली. संस्थानचा स्वतःचा प्राप्तिकर कायदाही होता, फसली १३५७चा. म्हणजे इंग्रजांचा कायदा येथे नव्हता हे म्हणणे त्या काळापुरते खरेच आहे. परंतु पुढे काय घडले, हे सोयीस्करपणे विसरले जाते. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आले. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली. २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद हे भारतीय संघराज्यातील ‘ब’ वर्गाचे राज्य झाले. त्याआधीच व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संस्थानांच्या आर्थिक विलीनीकरणाचा आराखडा सिद्ध केला होता. त्यानुसार १९५०च्या वित्त अधिनियमाने १ एप्रिल १९५० पासून प्राप्तिकराचा केंद्रीय कायदा ‘ब’ वर्गातील राज्यांना लागू झाला आणि संस्थानांचे जुने प्राप्तिकर कायदे जुन्या वर्षांच्या वसुलीपुरते शिल्लक ठेवून संपुष्टात आणले गेले. अचानक भार पडू नये म्हणून या राज्यांतील करदात्यांना काही काळ सवलतीही देण्यात आल्या. जम्मू-काश्मीर तेवढे या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. म्हणजे परभणीत प्राप्तिकर आला तो लंडनहून नव्हे, निजामाच्या राजवाड्यातूनही नव्हे. तो दिल्लीतील भारतीयांच्या संसदेतून आला.

याच मुद्द्यावर त्या काळात न्यायालयातही झुंज झाली. राजस्थान हेही ‘ब’ वर्गाचे राज्य. ज्या वर्षी आपला प्रांत केंद्रीय कराच्या कक्षेत नव्हता, त्या वर्षाच्या उत्पन्नावर कर कसा, असा प्रश्न तेथील एका करदात्याने उपस्थित केला. राजस्थान उच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. संसदेला पूर्वीच्या उत्पन्नावरही कर बसवण्याचा अधिकार आहे, असा निर्वाळा दिला गेला. त्याच सुमारास मुंबईच्या एका प्रकरणात भांडवली नफा हासुद्धा ‘उत्पन्न’ या संज्ञेत बसतो, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तात्पर्य, ज्या शंका आज नव्या शोधाच्या थाटात मांडल्या जातात, त्यांचा निकाल सत्तर वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

राज्यघटनेचा विचार केला तर चित्र अधिकच स्पष्ट होते. कायद्याच्या आधाराविना कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे २६५वे कलम सांगते. सातव्या परिशिष्टातील केंद्रीय सूचीच्या ८२व्या नोंदीने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कराचा अधिकार संसदेला दिला आहे. शेतीच्या उत्पन्नावरील कराचा विषय राज्य सूचीच्या ४६व्या नोंदीत आहे. कराचे दर दरवर्षी वित्त विधेयकाद्वारे लोकसभेपुढे येतात आणि तेथे मंजूर झाल्याशिवाय एक रुपयाही वसूल होऊ शकत नाही. १९६१चा प्राप्तिकर कायदा याच संसदेने केला आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणारा, ५३६ कलमांचा, २०२५चा नवा कायदाही याच संसदेने केला. इंग्रजांच्या कायद्याचा कागद शोधत बसणाऱ्यांना तो आता सापडणारच नाही.

असे युक्तिवाद केवळ भारतातच होतात असे नाही. अमेरिकेत १८९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकर खरोखरच घटनाबाह्य ठरवला होता. मग १९१३ साली सोळावी घटनादुरुस्ती करून तो अधिकार देण्यात आला. तरीही ही दुरुस्ती नीट संमत झालीच नाही, असे सांगणारा एक पंथ तेथे टिकून राहिला. या पंथाच्या सल्लागारांच्या नादी लागलेला हॉलिवूडचा अभिनेता वेस्ली स्नाइप्स याला विवरणपत्रे न भरल्याबद्दल २००८ साली तीन वर्षांची शिक्षा झाली. सल्ला देणारे दुसरेच होते. तुरुंगाची दारे मात्र सल्ला ऐकणाऱ्यासाठी उघडली. परभणीतल्या एखाद्या शिक्षकाने वा लहान दुकानदाराने असल्या सल्ल्यावर विसंबून विवरणपत्र भरले नाही, तर दरमहा एक टक्क्याचे व्याज, विलंबशुल्क आणि प्रसंगी खटला हे त्याच्याच वाट्याला येते. युक्तिवाद करणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

येथे मुक्तिसंग्रामाचा दाखला देण्याचा मोह अनेकांना होतो. मराठवाड्यातील देशभक्तांनी निजामाची लेव्ही नाकारली नव्हती काय? करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले नव्हते काय? जरूर केले होते. १९३८-३९ साली आर्य समाज आणि हिंदू महासभेच्या सत्याग्रहींनी निजामाचे तुरुंग भरले. त्याच काळात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसनेही सत्याग्रह केला आणि १९४७-४८ साली तिने मुक्तीचा लढा निकराने लढवला. परंतु त्या नकारामागचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. निजामाच्या राज्यात बहुसंख्य प्रजेला मत नव्हते आणि महसुलाचा हिशेब विचारण्याची सोय नव्हती. सर्फ-ए-खास या नावाने तर कितीतरी गावांचा महसूल थेट राजाच्या खासगी तिजोरीत जात होता. संमतीवाचून घेतलेला कर ही लूट होती, म्हणून ती नाकारणे हा धर्म होता. शिवाय ज्यांनी ती नाकारली त्यांनी ती उघडपणे नाकारली आणि लाठ्या, तुरुंग, रझाकारांच्या गोळ्या हे सारे अंगावर घेतले. उत्पन्न दडवून घरात बसलेल्याने त्यांच्याशी नाते सांगावे, हा त्या हुतात्म्यांचा अवमान आहे.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९६च्या दुष्काळात त्यांनी शेतकऱ्यांना सारा बेकायदा असल्याचे सांगितले नाही. सरकारचाच दुष्काळ संहितेचा कायदा त्यांनी शेतकऱ्यांपुढे ठेवला आणि पीक बुडाले असेल तेथे सूट व तहकुबी मागण्याचा त्यांचा हक्क आहे, हे गावोगाव समजावले. परक्या सरकारशी लढतानाही टिळकांनी कायद्याचा आधार सोडला नाही. स्वकीयांच्या राज्यात तो सोडण्याचे काय कारण?

भारतीय राजनीतीच्या परंपरेतही कर हा राजाचा उपभोग नसून प्रजेच्या रक्षणाचा मोबदला मानला गेला. फुलाला इजा न करता मध घेणाऱ्या भुंग्याप्रमाणे राजाने कर घ्यावा, असा विचार महाभारताच्या शांतिपर्वात आहे. या विचाराला दोन बाजू आहेत. प्रजेने कर द्यावा ही एक आणि राजाने फूल कुरतडू नये ही दुसरी. पहिल्या बाजूचा आग्रह धरणाऱ्याने दुसरीकडे डोळेझाक करणे न्यायाचे नाही.

या दुसऱ्या बाजूचा हिशेब शासनाकडे मागितलाच पाहिजे. मागील तारखेपासून कर लावण्याचा अधिकार संसदेला आहे म्हणून तो वापरावाच असे नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात सरकार हरल्यानंतर तत्कालीन सरकारने पूर्वलक्षी दुरुस्ती करून त्या निकालावर बोळा फिरवला आणि जगभर देशाची विश्वासार्हता डागाळली. ती चूक २०२१ साली कायदा करून निस्तरावी लागली. शेतीच्या उत्पन्नाची सवलतही असाच विचार करायला लावते. परभणीच्या काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस, सोयाबीन पिकवणारा कोरडवाहू शेतकरी या सवलतीचा खरा धनी आहे. त्याच्या नावामागे दडून व्यापारातला पैसा शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवणारे वेगळेच. पुरेशी कागदपत्रे न तपासता अशी सवलत दिली गेल्याचे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९च्या अहवालात नोंदवले आहे. पगारदाराचा पै न् पै कापून घेतला जात असताना हे घडते, तेव्हा प्रामाणिक करदात्याच्या मनात ‘हा करच कशाला’ हा प्रश्न उगवतो. युक्तिवाद खोटा असला तरी त्यामागची चीड खोटी नसते.

तिसरा हिशेब मराठवाड्याचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी विभाज्य केंद्रीय करांचा ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. अधिभार आणि उपकर मात्र या वाटपाबाहेर राहतात. राज्याकडे आलेला पैसा गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यापर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजल्यापासून विचारला जात आहे. त्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यानंतर त्याची पुनर्स्थापना वर्षानुवर्षे रखडली. कर वैध आहे काय यापेक्षा कराचा विनियोग न्याय्य आहे काय, हा प्रश्न परभणीकरांनी विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल.

प्राप्तिकर नकोच असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांच्यासाठीही सन्मार्ग खुला आहे. छत्रपती संभाजीनगरचे अनिल बोकील यांनी अर्थक्रांतीच्या माध्यमातून आयात शुल्क वगळता सारे कर रद्द करून बँक व्यवहारांवर एकच कर आकारण्याचा प्रस्ताव मांडला. तो मान्य असो वा नसो, त्यांनी तो देशापुढे उघडपणे मांडला, तज्ज्ञांशी वाद घातला, लोकमत घडवण्याचा प्रयत्न केला. कायदा चुकीचा वाटतो म्हणून तो बदला, असे सांगणे ही लोकशाही. कायदाच अस्तित्वात नाही असे सांगणे ही दिशाभूल. आकारणी अन्यायाची वाटली तर अपील आहे, प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे.

हुतात्म्यांनी रक्त सांडून मिळवलेले स्वातंत्र्य म्हणजे कर न देण्याचे स्वातंत्र्य नव्हे. आपला कर आपण ठरवण्याचा आणि त्याचा हिशेब मागण्याचा तो अधिकार आहे. जो आपला वाटा चोख भरतो, त्यालाच शासनाला ताठ मानेने जाब विचारता येतो. परभणीच्या शिक्षकाने, व्यापाऱ्याने आणि उद्योजकाने विवरणपत्र वेळेवर भरावे आणि तितक्याच निग्रहाने दुधनेच्या पाण्याचा, जिल्ह्याच्या रस्त्यांचा आणि अनुशेषाचा हिशेब आपल्या लोकप्रतिनिधीपुढे ठेवावा. राष्ट्राची तिजोरी ही परक्याची नाही; ती भरणे आणि तिच्यावर पहारा ठेवणे, ही दोन्ही एकाच नागरिकाची कर्तव्ये आहेत.