सेवेला जाता, मग रिक्षाचे पैसे?

दर रविवारी वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाता, रिक्षाचे पैसे स्वतःच देता. आयकरात त्याची वजावट मिळते का? नाही. ‘८०जी’ची सवलत फक्त पैशांच्या देणगीला आहे, वेळ, वस्तू, तिकिटं त्यात बसत नाहीत. (अमेरिकेत स्वतःची गाडी वापरणाऱ्या स्वयंसेवकाला मैलामागे १४ सेंट वजा करता येतात!)

पण संस्था ८०जी-नोंदणीकृत असेल तर बिलं देऊन खर्च परत मागा. यात लाजायचं काय? तो सेवेचा मोबदला नव्हे. मग मनात असेल तर तेवढीच रक्कम यूपीआय किंवा चेकने देणगी द्या आणि प्रमाणपत्र घ्या. रोख २००० रुपयांवर असेल तर वजावट नाही. अर्थात, नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलतच मिळत नाही.