जंगल बघायला जाताय? मग एटापल्लीचा रस्ताही बघून या!

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. 'भारतातली दहा सुंदर जंगलं, मरण्याआधी एकदा बघाच.' ताडोबा आहे, काझीरंगा आहे, केरळची सायलेंट व्हॅली आहे, मेघालयातली मावफ्लांगची देवराई आहे. फोटो झकास. माझं भांडण फोटोंशी नाहीच. ही जंगलं उभी कुणामुळे आहेत, त्यावर यादीत एक ओळ नाही, भांडण त्याच्याशी आहे.

सायलेंट व्हॅलीत विजेसाठी धरण होणार होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते, मास्तर लोक, कवी, सगळे वर्षानुवर्षं भांडले. १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. नसते भांडले, तर आज तुम्ही तिथं जलाशयापुढे सेल्फी काढत असता. मावफ्लांगमधून तर खासी लोक एक पानही बाहेर नेऊ देत नाहीत. तिथं राखण गावाची आहे, खात्याची नाही.

आता आपल्या गडचिरोलीकडे या. दोन-तृतीयांशाहून जास्त जिल्हा जंगलाखाली, पण यादीत नाव नाही. बरंच झालं म्हणा, नाहीतर मेंढा-लेखातही रिसॉर्टचे बोर्ड लागले असते. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण स्वतःच्या बांबूची टीपी स्वतः द्यायला २०११ उजाडलं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे टीपी बुक गावाच्या हाती पडलं. कायदा २००६ चा!

आणि सुरजागड? तो डोंगर म्हणजे माडिया लोकांचा ठाकूरदेव. दरवर्षी तिथं यात्रा भरते. त्याच्या पोटात लोखंड आहे, हाच त्याचा गुन्हा. असाच एक डोंगर ओडिशात आहे, नियमगिरी. त्याच्या पोटात बॉक्साइट. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही जणींनी नाही म्हटलं. खाण झाली नाही.

आपल्याकडे काय झालं? २०२२ मध्ये सुरजागडच्या खाणविस्ताराची जनसुनावणी लावली, ती एटापल्लीत नाही, तर शंभराहून जास्त किलोमीटर दूर गडचिरोलीला. जन इकडे, सुनावणी तिकडे! ज्याच्या शेतावर धूळ बसते त्यानं मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून यायचं आणि माईकपुढे मराठीत बोलायचं. घरात तो माडिया बोलतो, हे साहेबांना माहीत नाही का?

'भाऊ, पोरांना रोजगार नको का?' असं कमेंटमध्ये येणारच. हवा. शंभर टक्के हवा. खाणीत लागलेली पोरं माझ्याही ओळखीची आहेत, त्यांच्या घरी पगार येतो, ते मी नाकारत नाही. पण रोजगार देताय म्हणून विचारायचंच नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मोहफूल, तेंदू, बांबू हाही रोजगारच आहे. त्याचं कुणी भूमिपूजन करत नाही, म्हणून तो मोजला जात नाही इतकंच.

आमच्या पुढाऱ्यांना जंगल आठवतं ते दोनदा. एकदा वाघासोबत फोटो काढायला आणि एकदा सागवान पाठवताना. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं तेव्हा केवढी मिरवणूक निघाली! अभिमान मलाही वाटला. पण ठाकूरदेव देव नाही का?

म्हणून माझी मागणी एकच आहे. यापुढे खाणीची कुठलीही सुनावणी एटापल्लीतच घ्या, माडिया दुभाषी बसवून, आणि आधी ग्रामसभांचे ठराव वाचून दाखवा.

आणि फिरायला निघालेल्या मंडळींनो, आलापल्लीचं 'ग्लोरी' जंगल जरूर बघा. २०१४ मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ आहे ते. क्षेत्र किती, तर जेमतेम सहा हेक्टर. मग तिथून एटापल्लीच्या रस्त्याला लागा, टपरीवर चहा घ्या आणि अर्ध्या तासात खनिजाचे किती ट्रक गेले ते मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका.